द्वादशीची बोट : मालवणच्या प्रवाळखडकांवरील समूह-सहलीचे नियोजन

महाराष्ट्राच्या सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर पाण्यावर तरंगत राहून जिवंत प्रवाळ डोळ्यांनी पाहता येतील अशा जागा अगदी थोड्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवण, तारकर्ली, देवबाग आणि निवती या पट्ट्यात एकवटलेल्या आहेत. शासनाने 1987 मध्ये येथे महाराष्ट्रातील पहिले सागरी अभयारण्य घोषित केले. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर असून त्यातील गाभाक्षेत्र, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाचा भाग, केवळ 3.18 चौरस किलोमीटरचा आहे. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचे बेट याच गाभ्यात मोडतात. या चिमुकल्या क्षेत्रावर गेल्या दोन दशकांत पर्यटनाचा मोठा भार आला असून आता कुटुंबे, कार्यालयातील सहकारी, महाविद्यालयीन मित्र किंवा गृहनिर्माण संस्थेतील शेजारी असे दहा-पंधरा जणांचे गट स्वतंत्र बोट ठरवून येथे स्नॉर्केलिंगसाठी येतात. अशा सहलीचे नियोजन बहुतेक वेळा मुक्काम, जेवण आणि दर एवढ्याभोवतीच फिरते. वास्तविक खासगी बोटीसाठी जे जास्तीचे पैसे मोजले जातात त्यांच्या बदल्यात गटाला तीनच गोष्टी मिळतात: निघण्याची वेळ ठरवण्याची मुभा, पाण्यात उतरणाऱ्यांची संख्या स्वतःच्या हातात ठेवण्याची सोय आणि वाटले तर अर्ध्यातून परत फिरण्याचा अधिकार. या तिन्हींचा उपयोग न करणारा गट केवळ रिकाम्या बाकांचे भाडे भरतो.

स्नॉर्केलिंग म्हणजे डोळे व नाक झाकणारा मुखवटा लावून, तोंडात धरलेल्या वाकड्या नळीतून श्वास घेत, पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगत खाली पाहणे. स्कूबा डायव्हिंगमध्ये पाठीवरच्या टाकीतून दाबाखालील हवा घेऊन माणूस खोल उतरतो, तसे येथे होत नाही. नळीची लांबी साधारण 35 ते 40 सेंटीमीटर असते आणि ती याहून लांब करून चालत नाही, कारण पाण्याचा दाब दर 10 मीटरला एका वातावरणाइतका वाढतो आणि छाती अर्धा मीटरभर जरी खाली गेली तरी तेवढ्या दाबाविरुद्ध बाहेरची हवा ओढणे श्वासाच्या स्नायूंना जड जाते. शिवाय लांब नळीत उच्छ्वासाचीच हवा अडकून राहते आणि पुन्हा आत घेतली जाते. म्हणून स्नॉर्केलिंग करणाऱ्याला जे काही दिसते ते वरूनच दिसते, आणि ते दिसणे सर्वस्वी पाण्याच्या स्वच्छतेवर अवलंबून असते. पाणी गढूळ असेल तर चांगले पोहणाऱ्यालाही हिरवट धुक्यापलीकडे काही दिसत नाही. यामुळे नियोजनाचा पहिला प्रश्न बोट कोणाची हा नसून दिवस कोणता आणि घटका कोणती हा ठरतो.

मालवणच्या पाण्याची स्वच्छता ठरवणाऱ्या गोष्टी भूगोलातच आहेत. शहराच्या उत्तरेला कोळंबची खाडी आणि त्यापुढे गड नदीची कालावलीची खाडी, तर दक्षिणेला देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळणारी कर्ली नदी. या तिन्ही मुखांतून पावसाळ्यात सह्याद्रीचा गाळ समुद्रात येतो आणि पाऊस संपल्यावरही काही आठवडे लाटांनी ढवळत राहतो. जलपर्यटन 26 मे ते 31 ऑगस्ट या काळात बंद असते आणि सप्टेंबरपासून बोटी पुन्हा सुरू होतात. तथापि बोट सुरू होणे आणि तळ दिसणे यांत बरेच अंतर असते. ऑक्टोबर व नोव्हेंबर हे अरबी समुद्रातील चक्रीवादळांचेही महिने आहेत. नोव्हेंबर 2009 मधील ‘फयान’ आणि ऑक्टोबर 2019 मधील ‘क्यार’ या वादळांनी कोकणच्या किनाऱ्याला दिलेला फटका मच्छीमार वस्त्या अजून विसरलेल्या नाहीत. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत, गाळ खाली बसलेला आणि लाट नरम असताना, येथील समुद्र आपले सर्वांत निर्मळ रूप दाखवतो.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जाणाऱ्या वाचकांनी याचा विशेष विचार करावा. लक्ष्मीपूजन अमावास्येला असते, आणि अमावास्या व पौर्णिमा या तिथींच्या आसपास चंद्र व सूर्य यांचे आकर्षण एका रेषेत येऊन भरती-ओहोटीतील फरक सर्वाधिक होतो. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास हा फरक सर्वांत कमी असतो; ती भांगाची भरती. उधाणाच्या दिवसांत पाणी जास्त वेगाने आत-बाहेर करते, खाड्यांचा चिखल उचलते आणि खडकांमधून जोराचे प्रवाह निर्माण करते. मुंबईच्या मानाने मालवणला पाण्याची चढ-उतार निम्म्याच्या आसपासच असते, तरीही पोहण्याचा सराव नसलेल्या माणसाला जागेवरून हलवण्यास एवढा प्रवाह पुरेसा होतो. त्यात सुट्टीची गर्दी मिळाली की एकाच खडकाभोवती अनेक बोटी, त्यांच्या पंख्यांनी ढवळलेली वाळू आणि पाण्यात एकमेकांना लागणारे पाय अशी अवस्था होते.

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना आडाखा आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ तासांत मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा डोक्यावर येतो आणि त्याच्यामागे भरतीही तेवढीच सरकते, हे त्यामागचे कारण होय. आडाखा ढोबळ आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने मालवणला ती मुंबईपेक्षा काहीशी आधी येते. म्हणून अंतिम वेळ छापील भरती-कोष्टकातूनच घ्यावी. मात्र तारीख निवडण्यासाठी हा आडाखा फार उपयोगी आहे. स्नॉर्केलिंगला सर्वांत चांगला काळ म्हणजे भरती पूर्ण होण्यापूर्वीचा तास आणि त्यानंतर पाणी जवळजवळ स्थिर राहते तो थोडा वेळ, कारण चढते पाणी बाहेरच्या समुद्रातील स्वच्छ पाणी खडकांवर आणते आणि ओहोटी खाडीचा गढूळपणा बाहेर खेचते. दुसरीकडे वाऱ्याचे गणित सकाळ मागते. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे मंद असतात, तर जमीन तापल्यावर दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे पाण्यावर लहान, तुटक लाटा उठवतात, ज्या नळीत पाणी भरतात आणि बोट लागणाऱ्यांना हैराण करतात. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान भरती पूर्ण होईल अशा तिथी दोन्ही पक्षांत द्वादशी-त्रयोदशीच्या आसपास येतात, आणि त्या वेळी उधाण अजून पूर्ण जोरात आलेले नसते. तेव्हा मार्गशीर्ष किंवा पौष महिन्यातील द्वादशी पाहून, शक्य तर आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी सातला किनारा सोडणारी बोट ठरवणारा गट निम्मे काम घरबसल्या पंचांगावर करून बसतो. ज्यांना दिवाळीच्याच मोसमात जायचे असेल त्यांनी नरकचतुर्दशी-पाडव्याचा अट्टहास सोडून कार्तिक शुद्ध द्वादशी, म्हणजे तुळशीच्या लग्नाचे दिवस, विचारात घ्यावेत.

दिवस ठरल्यावर बोटीचा प्रश्न येतो. मालवणच्या पर्यटन बोटी प्रामुख्याने फायबरच्या, उघड्या, मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनाच्या असतात आणि त्या चालवणारे तांडेल बहुतांशी गाबीत व इतर मच्छीमार कुटुंबांतील आहेत. रापण ही किनाऱ्यावरून सामूहिकपणे जाळे ओढण्याची पारंपरिक पद्धत मासळी घटल्याने परवडेनाशी झाली, पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांशी संघर्ष झाला, फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, आणि या सगळ्या ओढाताणीत अनेक घरांना पर्यटनाने आधार दिला. म्हणून बोटीचा दर पाडून घेण्यात शहाणपणा मानणाऱ्या गटांनी हे लक्षात घ्यावे की पाडलेला दर बहुधा जादा प्रवाशांतून, घाईतून किंवा न बदललेल्या लाइफजॅकेटांतून भरून काढला जातो. दराऐवजी अटींवर घासाघीस करावी. महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणी व सर्वेक्षणाचे प्रमाणपत्र, बोटीची मंजूर प्रवासीसंख्या, तांडेलाचा परवाना आणि विमा ही कागदपत्रे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाहण्याचा प्रवाशाला पूर्ण अधिकार आहे. साहसी पर्यटनासाठी राज्याने 2021 मध्ये स्वतंत्र धोरणही आणले असून त्यात अशा उपक्रमांच्या नोंदणीची व सुरक्षिततेची तरतूद आहे.

प्रवासीसंख्येचा मुद्दा कागदी वाटला तरी त्यामागे साधे यंत्रशास्त्र आहे. अरुंद, उघड्या बोटीचा तोल तिच्यातील वजन किती खाली आणि किती मध्यावर आहे यावर टिकतो. पंधरा माणसे एकदम उठून डॉल्फिन पाहण्यासाठी एका बाजूला झुकली की गुरुत्वमध्य वर आणि कडेला सरकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी आडवी लाट आली तर बोट सावरत नाही. देवबागच्या संगमाजवळचे पाणी याबाबतीत विशेष फसवे आहे. ओहोटीला नदीचा प्रवाह बाहेर धावतो, समुद्राची लाट आत येते आणि मुखाजवळच्या उथळ वाळूच्या बांधावर ती अचानक उंच होऊन फुटते. मे 2022 मध्ये, हंगाम बंद होण्याच्या तोंडावर, तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. डिसेंबर 2024 मध्ये मुंबईत घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नौकेची धडक बसून 15 जणांचा बळी गेला, आणि त्यानंतर लाइफजॅकेटचा प्रश्न पुन्हा चर्चेला आला. तो चर्चेपुरता राहू नये. किनारा सोडण्यापूर्वी प्रत्येकाने, पट्टीच्या पोहणाऱ्यानेही, जॅकेट घालून त्याचे सर्व पट्टे बांधावेत. मुलांसाठी मुलांच्याच मापाची जॅकेटे आहेत का हे आदल्या दिवशी पाहावे, कारण मोठ्या मापाचे जॅकेट पाण्यात मुलाच्या डोक्यावरून वर सरकते.

समुद्राचा अंदाज घेण्यासाठी आता साधनांची वाण नाही. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र ही संस्था, जी ‘इन्कॉइस’ या नावाने ओळखली जाते, लाटांची उंची आणि दूरवरून येणाऱ्या फुगवट्याचा अंदाज प्रसिद्ध करते. हवामान विभाग मच्छीमारांसाठी इशारे देतो. आणि बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा लागला की प्रश्नच मिटतो. तरीही अंतिम शब्द तांडेलाचा असावा, आणि तसे ठरावातच लिहिलेले असावे: तांडेलाने नको म्हटल्यास पैसे परत किंवा दुसरा दिवस. ही अट नसेल तर दोन्ही बाजूंवर जाण्याचाच दबाव येतो. गट लांबून आलेला असतो, तांडेलाला दिवसाची कमाई बुडवायची नसते, आणि निर्णय समुद्राकडे न पाहता घेतला जातो.

गटाच्या आतले नियोजन याहून नाजूक असते. पंधरा जणांत चांगले पोहणारे तीन-चार, कसेबसे तरंगणारे सहा-सात आणि पाण्याची भीती असलेले उरलेले, असे प्रमाण सर्वसाधारणपणे आढळते. शिवाय प्रत्यक्षात आपण कोणत्या वर्गात मोडतो हे लोक मोकळेपणाने सांगत नाहीत. विहिरीत किंवा तलावात पोहण्याचा सराव समुद्रात अपुरा ठरतो, कारण विहिरी-तलावांतले पाणी स्वतः हलत नाही. म्हणून सहलीचा कार्यक्रम सर्वांत कमकुवत पोहणाऱ्यास धरून आखावा आणि त्याला लाज वाटणार नाही अशा रीतीने आखावा. आदल्या संध्याकाळी किनाऱ्याजवळ कमरेइतक्या शांत पाण्यात सर्वांनी मुखवटा लावून, उभे राहून, केवळ चेहरा बुडवून नळीतून संथ श्वास घेण्याचा सराव केल्यास दुसऱ्या दिवशीची निम्मी घबराट टळते. मुखवटा बसतो की नाही हे पाहण्याची रीत सोपी आहे: पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने हवा आत ओढावी, तो चिकटून राहिला तर माप योग्य. भरघोस मिशीच्या केसांतून पाणी आत झिरपते. चष्मा लावणाऱ्यांसाठी भिंगांचे मुखवटे मिळतात. ते आधी विचारून ठेवावेत, कारण धूसर दिसणाऱ्या माणसासाठी बाकी सगळा खटाटोप व्यर्थ आहे. पाण्याखाली प्रकाश वेगळ्या कोनात वळत असल्याने वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठ्या आणि सुमारे एक चतुर्थांश जवळ भासतात, हे मुलांना आधीच सांगावे. हाताशी वाटलेला खडक प्रत्यक्षात थोडा लांब असतो.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असलेल्यांनी वैद्यकीय सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नये. शरीर पाण्यात आडवे बुडाले की पाण्याच्या दाबामुळे हातापायांतील रक्त छातीकडे ढकलले जाते, हृदयावरचा भार वाढतो, आणि त्याच वेळी नळीतून श्वास घेण्यास नेहमीपेक्षा जास्त जोर लागतो. निरोगी तरुणाला जाणवतही नाही असा हा ताण साठीच्या माणसाला घातक ठरू शकतो. अशा मंडळींसाठी बोटीवर एक महत्त्वाचे काम असते. पाण्यातील माथी मोजत राहणे हे ते काम, आणि ते करणाऱ्याने फोटो काढू नयेत. पाण्यात जोड्या कराव्यात, एका वेळी निम्म्याच गटाने उतरावे, प्रत्येक पाच-सहा जणांमागे एक प्रशिक्षित मार्गदर्शक मागावा, आणि पाण्यात माणूस असेपर्यंत इंजिन पूर्ण बंद राहील हे तांडेलाशी आधीच बोलून घ्यावे. पंख्याची जखम समुद्रातील कोणत्याही माशाच्या चाव्यापेक्षा भयंकर असते. तटरक्षक दलाचा 1554 हा मदत क्रमांक बोटीवरच्या दोघा-तिघांच्या फोनमध्ये असावा. मद्य आदल्या रात्रीपासूनच वर्ज्य. सकाळी पोट रिकामेही नसावे आणि तिखट-तेलकटही नसावे. पेज किंवा घावन पुरेसे आहे, माशांचे जेवण परतल्यावर.

गटातील काही जण स्नॉर्केलिंगबरोबर स्कूबाचाही अनुभव घेणार असतील तर परतीच्या प्रवासाचा विचार वेगळा करावा लागतो. दाबाखालील हवेतला नायट्रोजन शरीरात विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडू द्यावा लागतो. उंचीवर गेल्यास हवेचा दाब घटून त्याचे बुडबुडे होण्याचा धोका संभवतो. एका साध्या डाइव्हनंतरही विमानप्रवासापूर्वी किमान 12 तास आणि एकाहून अधिक डाइव्ह झाल्यास 18 तास थांबावे, असे प्रचलित मार्गदर्शन आहे. चिपी आणि मोपा ही विमानतळे जवळ आल्याने सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान असा बेत आता सहज आखला जातो, तो टाळावा. त्याच दुपारी आंबोली घाट चढून सुमारे 690 मीटर उंचीवर जाणेही शहाणपणाचे नाही, हे कोल्हापूर-बेळगावकडच्या गटांना क्वचितच कोणी सांगते. निव्वळ स्नॉर्केलिंग करणाऱ्यांना हे बंधन नाही.

आता ज्यासाठी हा सगळा प्रवास करायचा त्या प्रवाळांविषयी. प्रवाळ हा वनस्पतीसारखा दिसणारा प्राणी आहे. असंख्य सूक्ष्म जीव एकत्र राहून चुन्याचा सांगाडा घडवतात आणि त्यांच्या पेशींत राहणारी एकपेशीय शैवाले सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसतात. प्रवाळाचा रंगही बहुतांशी या शैवालांचाच. पाणी नेहमीपेक्षा जास्त तापून तसेच राहिले की प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. याला विरंजन म्हणतात. जगभरातील चौथे मोठे विरंजन एप्रिल 2024 मध्ये जाहीर झाले. मालवणचे प्रवाळ अंदमान किंवा लक्षद्वीपसारखे भव्य नाहीत. गढूळ पाण्याची सवय असलेले, खडकाला धरून ठिगळांसारखे वाढणारे हे जीव आहेत आणि त्यांतील गोलाकार, घट्ट जाती वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढतात. त्यांच्या कपारींत गोबरा, तांबोशी, पोपटमासा, फुलपाखरी मासे, शेवंड, समुद्रफुले दिसतात. हे पाहून अंदमानची आठवण काढणारे जे पर्यटक नाराज होतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की तीन मुखांतून येणाऱ्या गाळाच्या तोंडाशी हे जीव टिकून आहेत, आणि म्हणूनच ते जास्त मोलाचे आहेत.

वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये खडक घडवणारे प्रवाळ 2001 पासून पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच बरोबरीने, संरक्षित आहेत. त्यांचा तुकडा तोडणे किंवा किनाऱ्यावरून उचलून नेणे हा गुन्हा आहे. पण जाणूनबुजून तोडणारे थोडे असतात. खरी हानी नांगराने होते, दमल्यावर खडकावर उभे राहणाऱ्या पायांनी होते, आणि मासे फोटोत यावेत म्हणून टाकल्या जाणाऱ्या पाव-बिस्किटांनी होते. खडकावरचे शेवाळ खरवडून प्रवाळ स्वच्छ ठेवणारे मासे पावावर जगू लागले की तो खडक शेवाळाखाली गुदमरतो. कातडीला लावायच्या उन्हाच्या क्रीममधील ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या प्रवाळांना घातक मानल्या जाणाऱ्या रसायनांवर हवाई राज्याने 2021 पासून विक्रीबंदी घातली. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातल्यास अशा क्रीमची गरजच उरत नाही, आणि कालवांच्या धारदार कवचांपासूनही संरक्षण मिळते.

खासगी बोट घेणाऱ्या गटाला येथे एक ताकद मिळते जी तिकीट काढून आलेल्या एकट्या पर्यटकाला नसते. तो गट ठरावातच सांगू शकतो की बोट प्रवाळावर नांगर टाकणार नाही, वाळूच्या तळावर किंवा बांधलेल्या बोयाला थांबेल. माशांना काही खायला घातले जाणार नाही. डॉल्फिनांचा पाठलाग होणार नाही. आणि तेथे आधीच चार बोटी असतील तर आपली बोट थांबेल किंवा दुसऱ्या खडकाकडे जाईल. मालवणचे तांडेल हे सगळे जाणतात. समुद्र त्यांचाच आहे. गिऱ्हाईक पाव मागते म्हणून ते पाव ठेवतात, आणि गिऱ्हाईकाने मागणे सोडले तर तेही ठेवणार नाहीत. तेव्हा या हंगामात मालवणला बोट ठरवणाऱ्या प्रत्येक गटाने दर विचारण्यापूर्वी नांगर कोठे टाकणार, हे विचारावे, आणि उत्तर समाधानकारक मिळेल त्याच तांडेलाला चार पैसे जास्त देऊन बोट सांगावी.